गाडीवाट कुठं संपते ते आधी ठरवा

पाऊस एकदा धरला की नाशिकमध्ये हा वाद दरवर्षी उगवतो. कुठल्यातरी हिरव्यागार पठारावर पंधरा-वीस मोटरसायकली चिखल उडवत चालल्यात असा एखादा व्हिडिओ फिरायला लागतो आणि दोन दिवसांत सगळं शहर दोन गटांत वाटलं जातं. एक गट म्हणतो या सगळ्यांच्या गाड्या जप्त करा, लायसन्स रद्द करा, डोंगराकडे दुचाकीला बंदीच घाला. दुसरा गट म्हणतो आम्ही काय दारू पिऊन बाटल्या फोडतोय का, डोंगर काय कोणाच्या बापाचा आहे का, आधी ते डोंगर फोडणारे खडी क्रशर बंद करा मग आमच्याशी बोला. आठ-दहा दिवस एकमेकांचा उद्धार करून झाला की विषय ओसरतो, पठारावरच्या चाकोऱ्या मात्र तिथंच राहतात आणि पुढच्या जूनमध्ये परत पहिल्यापासून सुरुवात. मी या दोन्ही बाजूंची माणसं जवळून ओळखतो, दोन्हीकडे चांगली माणसं आहेत, आणि दोन्हीकडचे लोक भलत्याच प्रश्नावर भांडतायत असं मला मनापासून वाटतं. मोटरसायकल चांगली की वाईट यावर कितीही भांडलं तरी हाती काही लागणार नाही. कुठली वाट, कुठला महिना आणि कोणाची परवानगी, हे तीन प्रश्न कोणी विचारतच नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मी स्वतः अ‍ॅडव्हेंचर बाईक चालवतो, कच्च्या रस्त्यावर फूटपेगवर उभं राहून गाडी नेण्यात जी मजा आहे ती मला दुसऱ्या कशातच मिळालेली नाही, आणि तरीही माझं म्हणणं असं की पठारावर, सड्यावर, खाचरात, ओढ्याच्या पात्रात आणि पाऊलवाटेवर मोटरसायकल अजिबात नको, एकही नको, कुठल्याही महिन्यात नको. पण जुन्या गाडीवाटा, पाणंद रस्ते, पाड्यांना जोडणारे कच्चे घाटरस्ते, ज्यांवरून आजही बैलगाडी, ट्रॅक्टर किंवा पिकअप जाते, तिथं मोटरसायकलला जागा असली पाहिजे, ठरलेल्या महिन्यांत आणि त्या गावाच्या संमतीने. या दोन्ही गोष्टी एकत्र बोलल्या की दोन्ही गट माझ्यावर चिडतात, ते चालेल.

आधी बंदीवाल्यांचं जे खरं आहे ते पूर्ण मान्य करू, कारण आमच्यातले बरेच रायडर ते मान्यच करत नाहीत. आपल्याकडचे सडे म्हणजे काय हे एकदा गुडघ्यावर बसून बघायला पाहिजे. खाली काळा कातळ, त्याच्यावर काही ठिकाणी जेमतेम वीतभर माती, काही ठिकाणी तर बोटभरच, आणि त्या मातीत पावसाच्या तीन-चार महिन्यांत आपलं अख्खं आयुष्य उरकणाऱ्या वनस्पती. नॉबी टायरचं मागचं चाक ओल्या गवतावर एकदा जागेवर फिरलं की त्याचे ठोकळे मुळांसकट गवताची पट्टीच्या पट्टी सोलून काढतात. चाकाची चर पडते, चरीत पाणी साचतं, पाण्याला उतार मिळाला की ते वाहायला लागतं आणि माती घेऊन जातं. पुढच्या रविवारी येणारा दुसरा रायडर ती घसरडी चर टाळायला शेजारून गाडी घालतो, तिसरा त्याच्याही शेजारून, आणि बघता बघता एका चाकाएवढी रेघ ट्रक जाईल एवढी रुंद होते. एक मोसम पुरतो याला. ती माती परत कधी तयार होणार? ज्या कातळावर ती साठायला किती काळ गेला याचा हिशोब माणसाच्या आयुष्यात बसत नाही तिथं आपण रविवारच्या दोन तासांसाठी चाक फिरवतोय.

अंजनेरीचंच घ्या. तिथं कंदीलपुष्पाची एक जात सापडते, सेरोपेजिया अंजनेरिका, तिचं शास्त्रीय वर्णन २००६ मध्ये झालं आणि नावच आपल्या डोंगराचं मिळालं. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडांची घरटी असतात. २०१७ मध्ये या डोंगराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. वर रस्ता नेण्याचा घाट घातला गेला तेव्हा नाशिककरांनी जो विरोध केला तो बरोबरच होता. आता याच डोंगराच्या अंगाखांद्यावर डीबी किलर, म्हणजे आवाज दाबणारा भाग, काढलेला एक्झॉस्ट घेऊन कोणी जाणार असेल आणि वर त्याला निसर्गप्रेम म्हणणार असेल तर त्याच्या बाजूने बोलायला माझ्याकडे एक शब्द नाही. गिधाडं साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात घरट्यावर असतात, म्हणजे पाऊस गेल्यावर गेलो म्हणून सुटलो असंही नाही. कडे आणि सडे हे विषय कायमचे बंद, इथं वाटाघाटी नाहीत.

दुसरी गोष्ट शेतीची, आणि मला ही पर्यावरणाहून जास्त टोचते कारण तिची चर्चा शहरात होतच नाही. हरसूल, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात उतारावर नागली, वरई आणि खाली भात. मार्च-एप्रिलपासून राबाची तयारी, पालापाचोळा आणि गवऱ्या पसरून जमीन भाजायची, जूनमध्ये पेरायचं, जुलैत रोपं उपटून आवणी, म्हणजे लावणी. म्हणजे आपल्याला ज्या महिन्यात डोंगर सगळ्यात सुंदर दिसतो आणि चिखल सगळ्यात मऊ मिळतो, नेमक्या त्याच महिन्यात तिथल्या घराचं वर्षभराचं खाणं चिखलात उभं असतं. खाचराचा बांध हा मातीचा असतो, बाईमाणसांनी हाताने चिखल थापून थापून केलेला. त्याच्यावरून जवळपास दोनशे किलोची गाडी अधिक माणूस अधिक सामान एवढं वजन गेलं की बांध खचतो, आणि खचलेल्या जागेतून रात्रीत खाचर रिकामं होतं, ते पाणी खालच्या खाचरात लोंढ्याने घुसतं आणि तिथली नुकती लावलेली रोपं उपटून निघतात. म्हणजे एका चाकाने एकाचं नाही, खालच्या तीन-चार जणांचं नुकसान. रायडरला यातलं काही दिसत नाही कारण तो तोपर्यंत त्र्यंबकला गरम भजी खात असतो. त्याने मुद्दाम केलेलं नसतं हे खरं, पण ज्याचं खाचर वाहून गेलं त्याला मुद्दाम आणि चुकून यातला फरक काय कामाचा?

तिसरं, अपघात. धुक्यात, ओल्या दगडावर, नेटवर्क नसलेल्या जागी कोणाचा पाय मोडला तर झोळी करून खाली कोण आणतं? पाड्यावरची पोरं. स्वतःचं काम टाकून, पावसात, एक पैसा न मागता. हे ओझं आपण त्यांना न विचारता त्यांच्यावर टाकतो.

हे एवढं सगळं मान्य केल्यावर आता आमच्या बाजूने जे युक्तिवाद केले जातात ते बघू, कारण त्यातले बरेचसे पोकळ आहेत आणि त्यांच्यामुळेच आमची चांगली बाजूही वाया जाते. पहिला युक्तिवाद स्वातंत्र्याचा, देश सगळ्यांचा आहे वगैरे. देश सगळ्यांचा आहेच, पण खाचर एकाचं असतं, गायरान गावाचं असतं आणि राखीव वनात विनापरवाना घुसणं १९२७ च्या भारतीय वन कायद्यात गुन्हा आहे. दुसरा युक्तिवाद रोजगाराचा, आम्ही आलो की गावात पैसा येतो. कुठं येतो? पेट्रोल नाशिकमध्ये भरलं, मिसळ नाशिकच्या वेशीवर खाल्ली, जेवायला परत घरी. पाड्याच्या वाट्याला धूळ, आवाज आणि फार तर चार चहाचे पैसे. रोजगार खरंच द्यायचा असेल तर तो पावती फाडून द्यावा लागेल, नुसतं तिथून गाडी नेल्याने रोजगार होत नाही. आणि तिसरा युक्तिवाद क्रशरचा. ब्रह्मगिरीच्या परिसरात झालेलं उत्खनन, सारूळकडचे खडी क्रशर, यांनी डोंगराचं जे केलं त्याच्यापुढे मोटरसायकलची चाकोरी काहीच नाही हे शंभर टक्के खरं आहे. पण जो माणूस त्या क्रशरविरुद्ध एकदाही उभा राहिला नाही त्याने स्वतःच्या चाकोरीच्या बचावाला क्रशर पुढे करायचा? मोठा गुन्हा शेजारी चाललाय म्हणून आपला छोटा माफ होत नाही. ज्याला डोंगरावर गाडी चालवायची हौस आहे त्याने तर क्रशरविरुद्धच्या आंदोलनात सगळ्यात पुढे असायला हवं, कारण डोंगरच राहिला नाही तर गाडी कुठं नेणार?

आपल्याला इतिहासाचा मोठा अभिमान, बऱ्याच रायडर ग्रुपच्या झेंड्यावर भगवा आणि टी-शर्टवर महाराज असतात, म्हणून तिथलंच उदाहरण देतो. ऑक्टोबर १६७० मध्ये दुसऱ्यांदा सुरत लुटून महाराज बागलाणातून परत येत होते, वणी-दिंडोरीजवळ मोगलांशी उघड्या मैदानात लढाई झाली आणि मराठे जिंकले. म्हणजे आपण आज ज्या भागात हौसेने गाड्या पळवतो तिथून हजारोंनी घोडी गेलेली आहेत. पण कधी गेली? पाऊस संपल्यावर. पावसाळ्यात लष्कर छावणीत असायचं आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमा निघायच्या, हा शिरस्ता होता. आणि छावणीतल्या घोडदळासाठीसुद्धा महाराजांची सक्त ताकीद होती. चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं ते प्रसिद्ध पत्र घ्या, त्यात दाणा-वैरण जपून वापरा, ती संपली की लोक कुणब्यांच्या घरी धान्य, गवत, भाजीपाला आणायला जातील, मग रयतेला वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरे, अशा अर्थाचं सविस्तर समजावलेलं आहे. ज्या राज्याचं अस्तित्वच घोड्यांवर होतं त्या राज्याने घोड्यांना महिना नेमून दिला होता आणि रयतेची हद्द आखून दिली होती. आपल्याला हौसेसाठी फिरताना तेवढीसुद्धा शिस्त नको?

आता दुसरीकडे वळतो. सरसकट बंदी हवी म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न असा की बंदी नाहीये का आत्ता? राखीव वनात वाहन घालायला मनाई आहे, अभयारण्यासाठी १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, सायलेन्सर बदलणं बेकायदा आहे, दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीत घुसणं बेकायदा आहे. पठारावर गाडी नेणारा यातला किमान एक कायदा आजच मोडत असतो. म्हणजे कायदा कमी पडला असं म्हणता येत नाही. कमी काय पडतंय तर हद्द कुठं आहे ते जमिनीवर दिसतच नाही. वनजमीन, महसुली जमीन, मालकीची जमीन हे सगळं आपल्याकडे एकमेकांत घुसलेलं आहे, एकाच वाटेवर किलोमीटरभरात तिन्ही लागतात, पाटी कुठं नाही, नकाशा कोणाकडे नाही, आणि बीट, म्हणजे जंगलाचा नेमून दिलेला भाग, सांभाळणारा वनरक्षक एकटा, त्याच्याकडे एक गाडी, तो कुठं कुठं पुरणार? अशा परिस्थितीत आणखी एक बंदीचा आदेश काढला तर काय होतं ते आपण दर पावसाळ्यात धबधब्यांच्या बाबतीत बघतोच, आदेश निघतो, पहिल्या रविवारी नाकाबंदी होते, मग नाकाबंदी उठते. प्रामाणिक माणूस घरी बसतो आणि ज्याला काही देणंघेणं नाही तो गाडी घेऊन जातोच, वर आता त्याला अडवायला, समजवायला ग्रुपमधला जाणता माणूसही सोबत नसतो.

आणि सरसकट म्हणजे नेमकं कोणाला? नाशिक जिल्ह्यातले सगळ्यात भारी ऑफरोड रायडर हे शहरात गंगापूर रोडला राहत नाहीत, ते पाड्यावर राहतात. साधारण एकशेबारा किलोची स्प्लेंडर, गुळगुळीत टायर, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, किंवा सुरगाण्याकडे हंगामात स्ट्रॉबेरीचे खोके, कधी मागे आजारी आई आणि तिला धरून बसलेला भाऊ, आणि हा माणूस जो चढ हसत चढून जातो तिथं आमच्यातले महागडे बूट घातलेले दोन-तीन जण आडवे होतात. त्या वाटेवर मोटरसायकल ही त्याची गरज आहे. डोंगराकडे दुचाकी बंद असा आदेश निघाला की पहिला दंड त्याला होणार, कारण तो रोज जातो आणि रोज सापडतो. इंग्रजांनी हेच केलं होतं. १८७८ आणि १९२७ च्या वन कायद्यांनी जंगल राखीव केलं आणि पिढ्यान् पिढ्या तिथं राहणारा माणूस एका फटक्यात घुसखोर ठरला. त्यातून १९३० चे जंगल सत्याग्रह उभे राहिले, चिरनेरला गोळीबार झाला, बिळाशीत बंड झालं. आणि जंगल वाचलं का त्याने? लाकूड ठेकेदारांच्या हातून जातच राहिलं. लोकांना बाहेर काढून राखलेली गोष्ट राखायला शेवटी कोणी उरत नाही. २००६ चा वनहक्क कायदा आला तो ही चूक दुरुस्त करायला आणि त्यात ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार दिलाय, आपण परत उलटं चाक फिरवायचं का?

शिवाय या खेळात काहीतरी घेण्यासारखं आहे हेही ठामपणे सांगितलं पाहिजे, नाहीतर माझंच म्हणणं अर्धवट राहील. कच्च्या रस्त्यावर गाडी चालवणं वेगाने येत नाही. टायरची हवा कमी करायची, नजर चाकाकडे नाही तर पुढच्या वळणावर, अंग सैल, गाडी खाली हवी तशी नाचू द्यायची, थ्रॉटल इंचाइंचाने, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जमत नसेल तिथून परत फिरायचं. वीस-बावीसच्या पोरांना मी या वाटांवर शांत होताना बघितलंय, जी हायवेवर ताशी एकशेतीसने जीव धोक्यात घालत होती. सी. एस. संतोष २०१५ मध्ये डकार ही लांब पल्ल्याची जगप्रसिद्ध ऑफरोड रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, हरिथ नोआने २०२४ मध्ये डकारच्या रॅली-२ गटात पहिला नंबर काढला, ही पोरं मातीतच शिकली. नाशिकलाही रॅलीची जुनी परंपरा आहे, इथं राष्ट्रीय पातळीच्या रॅल्या झालेल्या आहेत. शर्यतीची खुमखुमी असेल तर त्यासाठी खासगी जागेत, भाडं भरून, डॉक्टर आणि अ‍ॅम्ब्युलन्स उभी करून ट्रॅक करता येतो आणि करायलाच हवा. पडीक माळाची जागा या जिल्ह्यात कमी नाही. प्रवासाची वाट वेगळी आणि उड्या मारायची जागा वेगळी, या दोन गोष्टी आपण एक करून ठेवल्यात म्हणून गोंधळ आहे.

मग हद्द कशी ठरवायची? यासाठी नवीन समिती, नवीन अ‍ॅप, सल्लागार कंपनी वगैरे काही लागत नाही, ती हद्द आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीपासून कागदावर आखलेली आहे. तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेखच्या ऑफिसात गावनकाशा मिळतो. त्यात गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी दाखवलेला असतो, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट, आणि पायमार्ग एका तुटक रेषेने, सव्वाआठ फूट. शेतकरी बांधावरच्या रस्त्याची भांडणं घेऊन तहसीलदाराकडे जातो तेव्हा हाच नकाशा काढतात. माझं म्हणणं साधं आहे, दोन रेषा असतील तिथं मोटरसायकलचा विचार करता येईल, एक रेषा असेल तिथं खाली उतरून चालत जा, आणि रेषाच नसेल तिथं जायचंच नाही. दोन रेषांची वाट मिळाली म्हणजे लगेच हक्क मिळाला असंही नाही. ती राखीव वनातून किंवा संवर्धन क्षेत्रातून जात असेल तर वनविभागाचं लेखी हो लागेल. ती गावातून जात असेल तर ग्रामसभेचं. पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबक हा सगळा पट्टा पेसाखाली, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याखाली येतो, तिथं ग्रामसभेचा शब्द नुसता सल्ला नसतो. गावाने नाही म्हटलं तर विषय संपला, कारण विचारायचं नाही. हो म्हटलं तर गाव ठरवेल ते शुल्क, गाव ठरवेल तेवढ्याच गाड्या, वाट दाखवायला गावातलाच पोरगा त्याच्या गाडीवर पुढे, आणि पावती ग्रामपंचायतीची. महिने दसऱ्यापासून मेअखेरपर्यंत. उन्हाळ्यात वाळलेल्या गवतात तापलेला सायलेन्सर घेऊन गाडी उभी करायची नाही, वणवा तेवढ्याने लागतो. जूनपासून दसऱ्यापर्यंत डांबरी रस्ता सोडायचा नाही. आमच्या रायडर मित्रांना हा शेवटचा नियम सगळ्यात जड जाणार हे मला माहितीये, कारण चिखल तेव्हाच असतो, पण खाचरंही तेव्हाच असतात.

हे स्वप्नरंजन आहे असं वाटत असेल तर अमेरिकेत काय झालं ते बघा. तिथं साठच्या दशकात कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात बार्स्टो ते लास व्हेगस अशी मोटरसायकलची शर्यत सुरू झाली, हजारोंनी लोक एका रेषेत उभे राहून उघड्या वाळवंटात गाड्या सोडायचे, आणि जमिनीचं एवढं नुकसान झालं की १९७४ नंतर सरकारने परवानगीच थांबवली. त्याआधी १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आदेश काढला होता की सार्वजनिक जमिनीवर ऑफरोड वाहनं कुठं चालतील आणि कुठं नाही ते ठरवून द्या. पण खरी गाडी रुळावर यायला २००५ उजाडलं, तेव्हा त्यांच्या वनखात्याने नियमच उलटा केला. आधी जिथं बंदीची पाटी नाही तिथं जा असं होतं, आता नकाशावर जी वाट परवानगी म्हणून दाखवलीये तेवढ्यावरच जा, बाकी सगळं बंद. नकाशा फुकट मिळतो. रायडर संपले का मग? उलट २०१० पासून बॅककंट्री डिस्कव्हरी रूट्स नावाची एक ना-नफा संस्था राज्याराज्यांतून कायदेशीर कच्च्या रस्त्यांचे शेकडो किलोमीटरचे मार्ग जोडतेय, जीपीएस ट्रॅक फुकट देते, आणि वाटेतली छोटी गावं त्या रायडरांची वाट बघतात. फरक एवढाच की तिथं प्रचंड मोठ्या सरकारी जमिनी आहेत आणि आपल्याकडे दर अर्ध्या किलोमीटरला कोणाचं तरी घर, कोणाची तरी गाय आहे, म्हणून आपल्याकडे गावाची संमती आणखी महत्त्वाची. घरचं उदाहरण हवं असेल तर साताऱ्याचं कास पठार आहे, हंगामात दिवसाला ठरावीक माणसं, ऑनलाइन बुकिंग, शुल्क, आणि व्यवस्था बघायला आसपासच्या गावातले लोक. तिथं कुंपण घातलं होतं ते नंतर काढावं लागलं, नुसतं कुंपण पुरत नाही हेही तिथंच शिकायला मिळालं.

यावर सगळ्यात जोरदार आक्षेप येतो तो असा की नियम पाळणारे आधीही पाळत होते, न पाळणाऱ्यांचं काय? रीलसाठी जीव टाकणाऱ्याला तुमच्या दोन तुटक रेषा कोण दाखवणार? आक्षेप बरोबर आहे आणि मी तो हलक्यात घेत नाही. पण आत्ताची स्थिती बघा, पाड्यावरचा माणूस चार गाड्या अडवायला रस्त्यात उभा राहिला तर त्याच्याशी हुज्जत घातली जाते, तू कोण, तुझ्याकडे काय अधिकार, असं विचारलं जातं, आणि खरंच त्याच्या हातात काही नसतं. ग्रामसभेचा ठराव झालेला असेल, वाटेच्या तोंडाशी पाटी असेल, पावतीपुस्तक असेल, तर तोच माणूस ठरावाची प्रत दाखवून गाडीचा नंबर लिहून घेऊ शकतो, आणि पोलीस पाटलाच्या फोनला वजन येतं. आणि ज्यांनी पैसे भरून, नंबर लावून, नियमाने वाट घेतलीये ते रायडरच मग फुकट्या पठारवाल्यांच्या विरोधात सगळ्यात आधी तक्रार करतील, कारण एकाच्या रीलमुळे गावाने ठराव मागे घेतला तर नुकसान त्यांचं होणार. आज त्यांना गप्प बसण्यात फायदा आहे, सगळेच बेकायदा असल्यावर कोण कोणाला बोलणार. वाट कायदेशीर केली की हे गणित बदलतं. सगळे सुधारतील का? नाही. पण शंभरातले सत्तर जण एका वाटेवर आले तरी उरलेले तीस उघडे पडतात आणि एका वनरक्षकाला तीस जण आवरणं शंभरापेक्षा सोपं आहे.

आणखी एक शंका गावातलीच एक-दोन माणसं बोलून दाखवतात, की शुल्काचा पैसा आला की तो दोन-तीन घरांतच फिरेल. ही भीती खरी आहे, अशा गोष्टी होतात. म्हणूनच पावती ग्रामपंचायतीची हवी, वर्षाचा हिशोब ग्रामसभेत वाचला गेला पाहिजे, आणि पहिल्या पैशातून त्या वाटेकडेच्या पाण्याच्या चाऱ्या साफ व्हायला हव्यात, कारण गाडीवाट बिघडली तर पहिला त्रास दूधवाल्याला होतो.

सगळ्या जिल्ह्यात एकदम करायची गरज नाही. दोन-तीन गावं, एक-एक वाट, एक मोसम. नाशिकमधल्या रायडर ग्रुपांनी एवढंच करायचंय की यावेळी पावसात भांडायच्या ऐवजी उन्हाळ्यात कामाला लागायचं, गावनकाशाची प्रत काढायची, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे जाऊन कुठली वाट त्यांच्या हद्दीत येते ते लेखी विचारायचं, आणि ज्या पाड्यावरून आपण इतकी वर्षं न विचारता जातोय तिथं हेल्मेट काढून बसायचं, ऐकायचं. ग्रामसभा वर्षातून २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला असते. १ मेच्या सभेत पावसाळ्यात वाट बंद ठेवण्याचा ठराव आणि पाटी, आणि २ ऑक्टोबरच्या सभेत गावाला पटलं तरच मोसमाचे नियम आणि शुल्क. पहिल्या ठरावाचा अर्ज रायडरांनीच द्यायचा, आमच्यासाठी ही वाट जून ते दसरा बंद करा म्हणून, आणि तो एप्रिलच्या आत सरपंचांच्या हातात पडला पाहिजे.